चूलमोडीचा दिवस

दिवाळी, शिमगा, गणपती हे सण आमच्याही लहानपणी होतेच. पण आम्हा ओळीतल्या पोरांना विचारलं असतंत, तर सगळ्यांत मोठा सण चूलमोडीचा. तो तुम्हाला कुठल्या पंचांगात सापडायचा नाही. रत्नागिरीत, मांडवीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, आमच्या मालकांच्या आवारात तेवढा तो साजरा व्हायचा. वैशाख लागला की माझा धाकटा भाऊ बाळू रोज सकाळी डोळे चोळत विचारायचा, “आज चूलमोड?” आणि आई म्हणायची, “नाही रे मेल्या, घाई कसली तुला!” तिच्या आवाजात तेव्हा जे काही असायचं ते मला कळत नसे. मला वाटे, उकाड्याने वैतागलीय.

आधी ओळ म्हणजे काय ते सांगते, नाहीतर हल्लीच्या लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी भलतंच यायचं. मालकांच्या मोठ्या घरामागे, रस्त्याला लागून असलेल्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडे, जांभ्या दगडाच्या भिंतींची आणि नळ्यांच्या छपराची बिऱ्हाडं एकाला एक लागून बांधलेली होती. प्रत्येकाला एक खोली, खोलीच्या कोपऱ्यात मातीची चूल, मागे मोरी. पुढे मात्र सगळ्यांना मिळून एकच लांब पडवी. त्या पडवीत पावसाळ्यात कपडे वाळत, उन्हाळ्यात आमसुलं वाळत, आणि बारा महिने आम्ही पोरं वळवळत असू. खळ्याच्या मधोमध एक जुना फणस होता. बहुतेक बिऱ्हाडांतले पुरुष मुंबईला गिरणीत नाहीतर बोटीवर, त्यामुळे ओळीत राज्य बायकांचं. आमचे भाऊ, म्हणजे माझे वडील, तेवढे गावात. आगबोटीच्या उतारूंना पडावात, म्हणजे लहान होडीत, चढवून द्यायचं काम ते बंदरावर करत. माणूस अगदी गरीब स्वभावाचा. आगबोटीचा भोंगा झाला की जेवत्या ताटावरून उठत, आणि मालक समोर आले की बसल्या जागेवरून उठत.

आमच्या भिंतीला लागून शेवटची खोली सगुणाकाकीची. काकी पोहे कांडून विकायची. भात भिजवायचं, भाजायचं आणि गरम आहे तोवर उखळात घालून कांडायचं. मी डोळे उघडायची ती तिच्या मुसळाच्या आवाजाने. धप्प, धप्प, आणि मध्ये काकीचा एक हुंकार. त्यामागे, लांब कुठेतरी, समुद्राची गाज. भाजलेल्या भाताचा वास भिंतीवरून आमच्या खोलीत उतरायचा आणि मला अर्धवट झोपेत वाटायचं, हा वास आहे तोवर काही वाईट व्हायचं नाही. अजूनही एखाद्या दिवशी पहाटे मला तो आवाज ऐकू येतो. मी इथे तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली दुधाच्या गाड्या आदळतात, पण क्षणभर मला ते मुसळच वाटतं. मग मी पडून राहते. उठून खात्री करायला कोण जातो!

काकीचा नवरा बोटीवर खलाशी होता. तो गेला तो गेलाच. बोट आली, दुसरी आली, त्याचा पत्ता नाही. काकी कुंकू लावायची आणि कुणी काही विचारलं तर म्हणायची, “येतीलच. समुद्र काय आपल्या सोयीनं चालतो?” तिची मुलगी गंगी माझ्याच वयाची. माझी जिवाभावाची मैत्रीण, आणि भांडायलाही तीच. आम्ही दोघींनी मधल्या भिंतीतला एक दगड हलवून हलवून सैल केला होता आणि त्या फटीतून भाजलेल्या काजूबियांची देवघेव चाले.

आता चूलमोड. त्या दिवशी सकाळी सगळ्या बिऱ्हाडांनी सामान बाहेर काढायचं. ट्रंका, वळकट्या, हंडे, पाटावरवंटा, देव, सगळं फणसाखाली. खोली झाडून-सारवून रिकामी करायची. मग घरच्या बाईने चुलीला हळदकुंकू वाहायचं आणि तिच्याच हाताने ती चूल मोडायची. मालकांचा गडी येऊन प्रत्येक दाराला कुलूप घालून जायचा. दिवसभर आम्ही खळ्यात. आणि काय तो दिवस! एरवी अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेल्या वस्तू उन्हात अशा दिसत की ओळखू येऊ नयेत. आईच्या ट्रंकेवर गुलाबाची फुलं रंगवलेली आहेत हे मला दर वर्षी नव्याने कळायचं. चुलीच नसल्यामुळे रांधणं नाही. सगुणाकाकीचे दहीपोहे, पिकल्या फणसाचे गरे, रायवळ आंबे. दुपारी मालकांकडून कैरीच्या पन्ह्याचा हंडा यायचा, वेलदोडा घातलेला. आम्ही वळकट्यांवर उताणं पडून फणसाच्या पानांतून आभाळ बघत असू. पानं हलत, उजेड तोंडावर नाचे, बंदरातून भोंगा ऐकू येई, आणि वाटायचं आपण सगळेच कुठेतरी निघालो आहोत, हे खळंच एक मोठं तारू आहे. गंगी म्हणायची, “शाले, आपण हितंच ऱ्हाऊया.” मीही म्हणायची, “हो गो, इथेच राहू.”

दिवेलागणीला बायका मालकांच्या मागल्या दारी जायच्या. प्रत्येकीच्या हातात करवंटी. मालकांच्या बायकोला आम्ही माई म्हणत असू. त्या आपल्या चुलीतला एक निखारा चिमट्याने उचलून करवंटीत टाकत आणि म्हणत, “पेटती राहो.” शेजारी मालक उभे. ते किल्ली देत आणि पुढच्या वर्षाचं भाडं सांगत. मग बाई धावत घरी येई, आधीच मळून ठेवलेल्या मातीची नवी चूल घाली आणि मालकांच्या विस्तवाने ती पेटवी. ओल्या मातीचा आणि धुराचा तो वास! आम्ही पोरं त्या वासाने झिंगत असू.

असं का करायचं, हे मी एकदा आईला विचारलं होतं. ती म्हणाली, “कूळ सलग राहिलं की जागेला चिकटतं, असं कुणी वकिलाने त्यांच्या डोक्यात भरवलंय. म्हणून दर वर्षी आपल्याला सोलून काढायचं आणि परत चिकटवायचं.” मला त्यातलं इतकंच कळलं की मालक फार विचारी आहेत. आई त्या दिवशी बोलत नसे एवढं मात्र मी पाहिलं होतं, आणि आमच्या आईने तोंड मिटून बसणं ही काही साधी गोष्ट नव्हती. पुढे मी जन्मभर भाडेकरूंच्या आणि बेघरांच्या कज्ज्यांत पडले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. तेव्हा कुणी तरुण मुलगी अकरा महिन्यांच्या कराराचा कागद घेऊन आली की मी तिला म्हणायची, “ही चूलमोडच गो, फक्त पन्हं नाही.” ती माझ्याकडे बघत राहायची. म्हातारीचं डोकं फिरलंय असं वाटत असणार तिला.

त्या वर्षी सगळं नेहमीसारखं होतं. फरक एवढाच की मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या, त्याआधी मुंबईचं वऱ्हाड आगबोटीने यायचं होतं, म्हणून घरात धांदल. खळ्याच्या एका कडेला मांडवाचे वासे येऊन पडले होते. आम्हाला दुहेरी सण. मी आणि गंगी वाशांवर बसून झोके घेत होतो, आणि संध्याकाळी आया करवंट्या घेऊन निघाल्या तेव्हा त्यांच्यामागून नाचत गेलो.

बायजाआत्या पुढे होती. ती ओळीतली सगळ्यांत वयस्कर, तिला पहिला मान. मग बाकीच्या, मग आई, आणि शेवटच्या खोलीची म्हणून शेवटी सगुणाकाकी. आईला निखारा मिळाला, किल्ली मिळाली. काकीने करवंटी पुढे केली. माईंनी चिमट्यात निखारा धरला होता. मालकांनी नुसती मान हलवली. माई क्षणभर तशाच थांबल्या आणि त्यांनी तो निखारा परत चुलीत टाकला.

“सगुणाबाई,” मालक म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीच मऊ, कधी चढायचा नाही. “ती खोली दुसऱ्यांना सांगितली आहे. कचेरीत बदलून आलेत, कुटुंबवत्सल माणूस आहे. भाडंही बरं देतायत. तुझा नवरा कुठे हे तुलाच ठाऊक नाही. एकट्या बाईला जागा देणं बरं दिसत नाही.”

“भाडं कधी चुकवलं काय मालक मी?” काकी म्हणाली.

“तसं मी म्हटलं का? पण आता पावसाळा येतोय, तुझी तू सोय बघ.”

“पावसाळा येतोय म्हणून तर!” काकी म्हणाली. “चार ठिकाणी इचारलं तर आधी घोवाचं नाव इचारतील. कोण देनार मला खोली?”

मालकांनी उरलेली किल्ली खिशात टाकली. गंगीने माझा हात धरला होता, तो सुटला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग फणसाखालच्या त्यांच्या सामानाकडे पाहिलं. उखळ, मुसळ, दोन हंडे, एक वळकटी. दिवसभर ज्याच्यावर आम्ही लोळलो होतो तेच सामान. सकाळपासून ते सण होतं आणि आता एकदम रस्त्यावर काढलेलं सामान झालं. त्या क्षणी मला चूलमोड म्हणजे काय ते कळलं, आणि आमच्या आया त्या दिवशी गप्प का असत तेही कळलं.

आई दहा पावलं पुढे गेली होती. ती वळली, परत मागल्या दाराशी आली आणि तिने करवंटी उंबऱ्यावर ठेवली. “हा घ्या तुमचा विस्तव, माई. आणि ही किल्ली, मालक.”

“हे काय बाई?” मालक म्हणाले.

“काही नाही. आज हवा छान आहे. आम्ही बाहेरच बसतो.”

ती येऊन फणसाखाली सगुणाकाकीच्या उखळाशेजारी फतकल मारून बसली. बायका तिच्याभोवती जमल्या, करवंट्या हातात, निखारे विझायला आलेले. बायजाआत्या म्हणाली, “अगो, तुला मिळाली ना किल्ली? मग कशाला वाकड्यात शिरतीस? मालकाशी वैर करून आपुन जायचं कुटं?”

“आज तिची करवंटी रिकामी,” आई म्हणाली. “पुढच्या वर्षी कुणाची, ते काय तू ठरवणार आहेस आत्या? तुझा मुलगा मुंबईला आजारी पडला, पैसे थांबले, की तुझी. माझा नवरा बंदरात पाय घसरून पडला की माझी. मोडायच्या तर सगळ्यांच्या चुली मोडतात ना? मग पेटतील तर सगळ्यांच्या.”

बायजाआत्या बराच वेळ आपल्या करवंटीत बघत होती. मग ती उठली, मागल्या दाराशी गेली आणि परत आली तेव्हा तिचे हात मोकळे होते. “बसते बाय,” ती म्हणाली, “पन माजी कंबर धरली तर तू चेपायचीस.” मग एकेक करून सगळ्याच गेल्या आणि रिकाम्या हाताने आल्या. सगुणाकाकी आतापर्यंत रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

भाऊ बंदरावरून आले ते खळ्याच्या तोंडाशीच थबकले. “अगो, हे काय? आत चला. लोक काय म्हणतील!”

“लोकांनी काही म्हणावं म्हणूनच बसलोय,” आई म्हणाली.

भाऊंनी मालकांच्या घराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपल्या बायकोबाबत त्यांना पुरतं माहीत होतं. त्यांनी टोपी काढली, ट्रंकेवर ठेवली आणि वळकटी पसरायला घेतली. माझ्या गरीब भाऊंचं मला आयुष्यात जे काही कौतुक वाटलं त्यातलं सगळ्यांत मोठं ते त्या वळकटीचं.

पण पोरांना भूक लागलेली, आणि विस्तव नाही. मालकांचा नको होता. शेजाऱ्यांकडे मागावा तर ते मालकांना वचकून. आई मला आणि गंगीला म्हणाली, “जा गो, कुठून तरी घेऊन या.” आम्ही उताराने बंदराकडे धावलो. तिथे विडीच्या दुकानात, गिऱ्हाइकांना विडी पेटवायला, काथ्याचा सुंभ धुमसत टांगलेला असायचा. आम्ही त्याचा तुकडा मागितला. दुकानदार म्हणाला, “काय गो पोरींनो, विड्या ओढायला लागलात काय?” गंगीने त्याला सगळं सांगितलं, एका दमात, नाक ओढत. त्याने सुरी काढली. पेटत्या बाजूने हातभर सुंभ कापून दिला आणि म्हणाला, “गोल फिरवीत जावा, म्हणजे विझायचा नाय.”

ती वाट मी विसरले नाही. समुद्राकडे थोडा तांबूस उजेड उरला होता, बाकी रस्ता काळा होत चाललेला. आम्ही आळीपाळीने सुंभ फिरवत चढत होतो. त्याचं लाल कडं हवेत उमटे, पुसे, परत उमटे, ठिणग्या मागे पडत. वाऱ्याने तो फुलला की गंगीचं तोंड दिसे, नाहीतर नुसता तिचा श्वास. पायाखालचा रस्ता जणू नव्हताच, आम्ही आपल्या त्या लाल कड्यामागून ओढल्या जात होतो. खळ्यात पोचलो तेव्हा बायकांनी तीन चिरे मांडून ठेवले होते. सगुणाकाकीने सुंभ हातात घेतला, नारळाच्या सुक्या सोडणांवर टेकवला आणि फुंकर घातली. जाळ झाला. ओळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची मिळून ती एकच चूल.

त्यानंतर आम्ही काही दिवस तसेच राहिलो. किती ते मला सांगता येणार नाही. मुलांच्या दिवसांना कुठे टोकं असतात! एका मोठ्या टोपात सगळ्यांची पेज शिजायची, वर कुळथाचं पिठलं, निखाऱ्यात भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. मालकांनी पन्ह्याचा हंडा पाठवला तो आईने हात न लावता परत पाठवला, आणि बाळूने एवढं भोकाड पसरलं की रस्त्यावरची माणसं थांबली. ती तशीही थांबत होतीच. बंदराकडे जाणारा-येणारा प्रत्येक माणूस आमच्यावरून जायचा. ओळीच्या दारांना कुलपं, छपरातून धूर नाही, आणि दारासमोर सगळी बिऱ्हाडं झाडाखाली. विचारलं की बायजाआत्या ओरडून सांगे, “कुळानं नाय सोडलंन घर, घरानं कुळाला सोडलंन!” तिची कंबर एकदाही धरली नाही. पहाटे दव पडायचं, गोधड्या ओलसर व्हायच्या. डोळे उघडले की वर फणसाची काळी पानं, आणि शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, काकीचं मुसळ. मध्ये भिंत नव्हती. तो आवाज इतका जवळून मी तेवढेच दिवस ऐकला. एकीकडे छातीत धाकधूक, मळभ आलं की सगळ्या बायका वर बघत, आणि दुसरीकडे इतकं सुख, की मला दोन्ही वेगळं करता येत नसे. आजही येत नाही.

मालक येऊन दोनदा समजावून गेले. भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” भाऊ मान खाली घालून म्हणाले, “माझीसुद्धा नव्हती.” पण उठले नाहीत.

मग एका सकाळी माई आल्या. जरीकाठी लुगडं, हातात तबक, मागे मोलकरीण. लग्नाची अक्षत घेऊन निघाल्या होत्या. देवाला अक्षत दिल्यावर आवारातल्या बिऱ्हाडांना द्यायची, मग गावाला, अशी त्यांच्या घरची रीत. शिवाय ओळीतल्या बायकांशिवाय लग्नाचं कांडण-दळण कोण करणार? माई खळ्यात आल्या, फणसाजवळ उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या. बायका उठल्या, पदर सावरले. सगळ्यांना माई आवडत. पण अक्षत म्हणजे घराला द्यायची, दाराशी जाऊन उंबऱ्यावर ठेवायची. माईंनी एकदा कुलपांच्या रांगेकडे पाहिलं आणि एकदा आमच्या वळकट्यांकडे.

बायजाआत्या पुढे झाली. एरवी तिच्या जिभेला हाड नसे, पण तेव्हा ती अगदी हळू बोलली. “अक्षत ठेवशीला कुटं माई? आमाला उंबराच नाय.”

माईंच्या हातातलं तबक कललं. हळदीच्या तांदळातले थोडे दाणे खळ्यात सांडले. लेकीच्या लग्नाची अक्षत, ती न देता परत न्यायची म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. माई वळल्या आणि तबक तसंच घेऊन घरात गेल्या. मागचं दार उघडंच होतं. आम्हाला सगळं ऐकू आलं, कारण त्या माउलीचा आवाज जन्मात पहिल्यांदा चढला होता. “दारात बायका उघड्यावर बसल्यात आणि मी लग्नाची चुलवण पेटवू? माझ्या हातून व्हायचं नाही! पोरीला काय त्यांचे तळतळाट बांधून देऊ सासरी? तुम्हीच घाला मग चुलीत लाकडं!” मालकांचा मऊ आवाज काहीतरी म्हणत होता. मग तोही थांबला. आई माझ्या केसांची वेणी घालत होती, तिने हात थांबवला नाही, पण वेणी इतकी आवळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बऱ्याच वेळाने माई परत आल्या. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात करवंटी, करवंटीत निखारा. मालक मागे, पडवीच्या खांबाशी. माई सरळ सगुणाकाकीसमोर गेल्या. “घे सगुणे,” त्या म्हणाल्या. “पेटती राहो.”

काकीने करवंटीकडे पाहिलं. तिचे हात पुढे झाले नाहीत. ती वाकून बोलणारी बाई, पोह्यांचं गिऱ्हाईक आलं तरी आधी आपणच वाकणारी. त्या दिवशी ती ताठ उभी राहिली. “इस्तव हाय माज्याकडं, माई,” ती म्हणाली. “किल्ली तेवढी द्या.”

माईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावणार. त्यांनी करवंटी मोलकरणीच्या हातात दिली आणि जुडग्यातून शेवटच्या खोलीची किल्ली काढून काकीच्या तळहातावर ठेवली. मग मागे न बघता, पण मालकांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाल्या, “आणि पुढच्या वर्षीपासून कुणाची चूल मोडायची नाही. माझ्या आवारात नाही.” मालक खांबाचा रंग खरवडत होते. नाही म्हणाले नाहीत, आणि त्या घरात न म्हटलेलं नाही म्हणजे हो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

काकीने तीन चिऱ्यांमधलं एक जळतं सोडण उचललं आणि ते धरून ती चालत गेली. गंगीने कुलूप काढलं. ओळीतल्या कुणीही तोवर आपली किल्ली मागितली नाही. आम्ही सगळे खळ्यात उभे राहून त्या एका छपराकडे बघत होतो. आधी काही दिसेना. मग नळ्यांमधून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि बायजाआत्या पदराने नाक पुसत म्हणाली, “चला गो, आता आपापल्या चुली घाला. माजी कंबर धरली.” माईंनी पहिली अक्षत सगुणाकाकीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तिला कुंकू लावलं. त्या लग्नाचे पोहे काकीनेच कांडले. कचेरीतल्या त्या कुटुंबवत्सल माणसाला वरच्या आळीत जागा मिळाली. कचेरीतल्या माणसांना मिळतेच.

सभांमधून लोक मला विचारायचे, बाई, परवडणाऱ्या भाड्याचं घर म्हणजे नेमकं केवढ्या भाड्याचं? मी म्हणायची, पोहे कांडणाऱ्या बाईला पोहे कांडूनच देता येईल एवढ्या भाड्याचं, आणि तिचा नवरा कुठे आहे हे न विचारता दिलेलं. ते हसत. मी काही विनोद करत नव्हते. काकीचा नवरा पुढे कधी आला नाही. भाडं पुढेही वाढलंच, मालकांशी कुरबुरीही झाल्या. पण गंगीला खेडला दिली ती त्याच उंबऱ्यावरून.

पुढच्या वर्षी वैशाख आला आणि बाळू रोज विचारू लागला, “आज चूलमोड?” आता चूलमोड नाही म्हटल्यावर तो धाय मोकलून रडला. नुसता तोच नाही, ओळीतली सगळी पोरं हिरमुसली. सण गेला होता ना आमचा! शेवटी बायकांनी एका दिवशी फणसाखाली चिरे मांडले, टोप चढवला, वळकट्याही काढल्या. पन्हं माईंनी पाठवलं, आणि या वेळी ते कुणी परत पाठवलं नाही. आम्ही उताणं पडून पानांतून आभाळ बघितलं. ओळीतली सगळी दारं दिवसभर सताड उघडी होती, आणि आत चुली शाबूत होत्या.

संध्याकाळ झाली तशी सगुणाकाकी उठली आणि घरात गेली. परत आली. बसली नाही तोच पुन्हा गेली, पुन्हा आली. किल्ली तिच्या कनवटीला होती, हात तिथेच. असं तीन-चारदा झाल्यावर आई म्हणाली, “काय गो सगुणे, काय राहिलंय आत?”

“काय नाय वैनी,” काकी म्हणाली आणि लाजून हसली. “उगीच. जाता-येता येतंय म्हणून.”